सासूबाईंच्या तलवारीची तपासणी

सून : म्हणजे दिवा आपोआप पडला.

सासू : आपोआप हे तुझ्या पदरचं. मी फक्त म्हटलं, दिवा पडला.

सून : आणि पडायच्या आधी हवेतच फुटला. फारच समंजस दिवा. तुम्हाला नसता त्रास नको म्हणून.

सासू : तू आधी चपला घाल पायात. काच लागेल.

सून : घातल्यात. तुम्ही मात्र अनवाणी उभ्या आहात, त्याच काचेत.

सासू : मला अनवाणीच सांगितलंय. मोजे घालून फरशीवर तलवार फिरवली की पाय सटकतो. नियम आहे.

सून : काचांवर अनवाणी उभं राहा, असाही नियम आहे का?

सासू : काचा नंतर आल्या. नियम आधीचा आहे.

सून : धरा माझा हात. उचला पाय. हां, आता या खुर्चीवर बसा, आणि माझं झाडून होईपर्यंत त्या दांडक्याला हात लावू नका.

सासू : दांडकं नाही, तलवार.

सून : लाकडाची आहे ना?

सासू : लाकडाचीच. पण डोक्यात बसली की डोकं विचारत नाही, बाई तू लाकडाची का लोखंडाची. आमच्या तलवारीच्या वर्गातल्या बाईंचं पहिल्या दिवशीचं वाक्य आहे हे. सरावाची तलवार म्हणजे खेळणं समजणाऱ्याला त्या दारातूनच परत पाठवतात.

सून : मग तुम्हाला कसं घेतलं आत?

सासू : माझ्याकडे बघून त्यांना वाटलं, ही काय करणार. तुला वाटतं तसंच. माझा आयुष्यभराचा फायदा झालाय त्यात.

सून : आई, मी शांतपणे विचारते. सुरू करायच्या आधी जागा बघितली होती का?

सासू : बघितली तर! तलवार धरायची, हात लांब करायचा आणि हळूच एक गिरकी घ्यायची. कशालाही टेकता कामा नये, आणि वर पाऊलभर जागा जास्तीची पाहिजे. टीपॉय सरकवला. कपाटाला पाठ नको म्हणून इकडे तोंड केलं. तुझी ती कुंडी, जिला तू पाणी घालत नाहीस आणि मी घालते असं तू सगळ्यांना सांगत नाहीस, ती बाल्कनीत ठेवली. अंगठी काढली, केस बांधले, हात पुसले.

सून : आणि वर?

सासू : वर काय?

सून : वर बघितलं?

सासू : ...वर बघायचं राहिलं.

सून : लिफ्टमध्ये आम्ही सगळ्यात आधी वर बघतो.

सासू : आली! मी म्हणतच होते, एवढं बोलणं झालं आणि अजून लिफ्ट कशी आली नाही.

सून : माझी नोकरी आहे ती. लिफ्टा तपासते मी. लोकांचे जीव...

सासू : ...दोरांवर लटकलेले असतात. पाठ आहे मला. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा पाठ आहे. मागच्या वेळी माझी बहीण आली तर जिन्याने गेली बिचारी, गुडघे धरून.

सून : डॉक्टरांनी तुम्हाला तोल सांभाळायचा व्यायाम सांगितला होता. चाला म्हणाले होते. लढा नव्हते म्हणाले.

सासू : चालून चालून जायचं कुठे? कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तिथे तो दुकानदार विचारतो, आजी, काय देऊ. म्हटलं, आजीबिजी तुझ्या घरी. आमच्या वर्गात मला कुणी आजी म्हणत नाही.

सून : काय म्हणतात?

सासू : बाजूला व्हा म्हणतात.

सून : दार वाजलं. बघते मी. तुम्ही उठू नका, तिकडे अजून बारीक काच आहे... या काका.

काका : नाही, मी आत येत नाही. उंबऱ्यातूनच बोलतो. तक्रार म्हणून नाही हं सूनबाई. आपलं एक निरीक्षण.

सासू : या, खालचे काका. निरीक्षणं सांगा. घरात एक तपासनीस कमी होती.

काका : वहिनी, तुमच्या सरावाबद्दल आम्हाला खाली आदरच आहे. धप् असा आवाज येतो, आम्ही समजून घेतो. सकाळी चहात पांढरं काही पडलं. मी साखर वर्ज्य केलेली आहे, तेव्हा ते छताचं असावं. तेही आम्ही समजून घेतलं. पण आत्ता जो आवाज झाला तो धप् या प्रकारात बसत नव्हता.

सून : तो खळ्ळ या प्रकारातला होता, काका. दिवा फुटला.

काका : तरीच! कुणाला लागलं नाही ना? मग झालं. आणि वहिनी, आलोच आहे तर विचारतो, ती जादाची किल्ली आज देता का पुढच्या आठवड्यात?

सासू : काका, तुमचं खाली दूध ठेवलंय ना गॅसवर?

काका : नाही, दूध सकाळीच तापवलं. म्हणजे कसं, आमच्या हिच्याशी बोलणं झालं. ती म्हणाली, किल्ली आपल्याकडे असली की सूनबाई गेल्यावर सकाळ-संध्याकाळ कुणीतरी डोकावेल. वहिनींनी दार उघडलं नाही तर...

सून : सूनबाई कुठे गेल्यावर?

काका : दूध दुपारचंही असू शकतं. बघतो मी. येतो हं.

सासू : सावकाश. जिन्याने जा, लिफ्टचं सांगता येत नाही.

सून : आई.

सासू : दार लाव नीट. वारा येतो.

सून : आई, सूनबाई कुठे गेल्यावर?

सासू : ते तू सांगायचं. जाणारी तू.

सून : तुम्हाला कुणी सांगितलं?

सासू : तूच. मंगळवारी. बाल्कनीत उभी राहून फोनवर साहेबांना सांगत होतीस, कुजबुजत. अगं, मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. कानाला ते यंत्र लावून अख्ख्या गावाचं बोलणं जोडून दिलं. सगळं ऐकू यायचं आणि काहीच ऐकलं नाही असा चेहरा ठेवायचा, त्याचाच पगार होता. माझ्यासमोर कुजबुजतेस? मोठ्याने बोलली असतीस तर मी कदाचित लक्ष दिलं नसतं.

सून : मी सांगणारच होते.

सासू : कधी? ताकाला जाऊन भांडं लपवत होतीस तीन दिवस. जेवताना म्हणायचं, आई, तिकडची हवा बरी असते नाही? मी म्हटलं, असेल. मग म्हणायचं, पण फार लांब पडतं. मी म्हटलं, पडत असेल. तुला काय वाटलं, मी हवामानावर बोलतेय?

सून : ठीक आहे. ऐका मग. तिकडच्या ऑफिसची प्रमुख म्हणून बोलावलंय. त्या अख्ख्या शहरातल्या लिफ्टा माझ्या सहीने चालतील. आज संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. आणि मी नाही कळवणार आहे. झालं? विषय संपला.

सासू : का नाही?

सून : का? खाली बघा. केरात काय आहे? दिवा आहे, आई! गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडलात. मी घरात होते म्हणून उचललं. नसते तर? आणि त्यावर उपाय म्हणून तुम्ही काय केलंत, तर तलवार आणलीत! कुणाची सासू काठी आणते. कुणाची कठडा बसवून घेते. आणि मी तुम्हाला या घरात एकटं सोडून जाऊ?

सासू : बोललीस? आता माझं ऐक. हीच जागा तुला गेल्या वर्षीही देत होते.

सून : तेही ऐकलंत?

सासू : तेही बाल्कनीतच होतं. तू साहेबांना म्हणालीस, सर, जमणार नाही, घरी एक वयस्कर माणूस आहे. मला दोन दिवस कळेना, आपल्या घरात कोण वयस्कर माणूस येऊन राहिलंय. मग आरशात बघितलं.

सून : मी तसं वाईट अर्थाने...

सासू : चांगल्या अर्थाने होतं, म्हणून जास्त झोंबलं. तिसऱ्या दिवशी मी त्या वर्गात नाव घातलं. तोल यावा म्हणून, पाय घट्ट व्हावेत म्हणून, आणि पुढच्या वेळी तुझे साहेब फोन करतील तेव्हा तुला माझं नाव पुढे करता येऊ नये म्हणून. कळलं? ही तलवार मी तुला घालवण्यासाठी आणली, बाई. तुला वाटलं मला म्हातारचळ लागलाय.

सून : आणि ती बघून मला वाटलं, आता तर मुळीच जाता येणार नाही.

सासू : हो ना. करायला गेले एक. असू दे. तू तपासनीस आहेस ना? मग तपास. दिवा फुटला त्यावरून काय ठरवतेस? लिफ्टच्या दाराला ओरखडा दिसला म्हणून लिफ्ट बंद करतेस का? अख्खी चालवून बघ.

सून : म्हणजे?

सासू : माझा पूर्ण सराव, आत्ता, तुझ्यासमोर. कशालाही धक्का लागला, पाय सटकला, मी धापा टाकून बसले, तर तू नाही कळव. मी चकार शब्द काढणार नाही.

सून : तुम्ही? चकार?

सासू : काढला तर कमी काढीन. पण सगळं नीट पार पडलं तर हो कळवायचं. आहे कबूल?

सून : माझ्या पद्धतीने तपासणार.

सासू : तुझ्याच पद्धतीने. आमच्याकडे लपवून ठेवण्यासारखं काही नाही.

सून : बरं. आधी वस्तू. आणा ती इकडे... अशी टोकाने नाही!

सासू : टोकाने कोण देतंय? मूठ तुझ्याकडे केली आहे, डोळे उघडून बघ. आणि घेतलीस ना, आता ती गंमत म्हणूनसुद्धा कुणाकडे रोखायची नाही. माझ्याकडे तर नाहीच. आणि भिंतीला टेकवूनही ठेवायची नाही. पडते, आणि लहान पोर असेल घरात तर त्याच्यावरच पडते.

सून : इथे रेघ आहे. तडा आहे हा.

सासू : शिरेची रेघ आहे ती, लाकडाची स्वतःची. नख ओढ आडवं. अडलं?

सून : नाही.

सासू : तडा असता तर अडलं असतं. आणि असता तर मी ती चिकटपट्टी लावून वापरली नसती, टाकून दिली असती. तडा गेलेली तलवार तुटते तेव्हा अर्धी हातात राहते आणि अर्धी जाते ती शेजारणीच्या डोळ्यात. हे फडकं घे, फिरव मुठीपासून टोकापर्यंत. धागा अडकला तर कुसळ आहे समज.

सून : अडकला नाही.

सासू : कसा अडकेल? रोज पुसते मी. तुझ्या त्या कुंडीपेक्षा जास्त लाड आहेत तिचे.

सून : आता जागा. मी फरशीवर चिकटपट्टीने गोल आखते. त्याच्या बाहेर पाऊल गेलं की नापास.

सासू : आख... अगं, हा गोल आहे का ताटली?

सून : पुरेसा आहे.

सासू : हात लांब केला तर तलवार टीपॉयवर जाते! तूच म्हणालीस ना, माझ्या पद्धतीने? कुठल्या लिफ्टला तू आत माणसं कोंबून म्हणतेस, आता दार लागत नाही, नापास? नाचता येईना अंगण वाकडं असं ऐकलं होतं. नाचता येतंय दिसल्यावर अंगणच कापणारी तूच पहिली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

सून : बरं, बरं. मोठा करते.

सासू : टीपॉय भिंतीला. खुर्ची दाराशी. हां. आणि आता तू त्या खुर्चीत बसायचं. मी हातात तलवार घेतली की गोलाच्या आत कुणी यायचं नाही. यायचंच असेल तर आधी मोठ्याने हाक मारायची, मी थांबणार, तलवार खाली घेणार, मान हलवणार, मग यायचं. आमच्या वर्गात फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा हे माहीत आहे. तुला कळलं?

सून : कळलं.

सासू : पाठीमागून तर नाहीच. पाठीला डोळे नसतात.

सून : कळलं म्हटलं ना.

सासू : वर बघितलं. दिवा नाही.

सून : दिवा केरात आहे.

सासू : म्हणून तर नाही. एकदा हळू फिरवून बघते... मोकळं आहे. आता बघ. वरून खाली. थांबवायची कुठे, कमरेशी. जमिनीला लागू द्यायची नाही. जोर करणं कुणालाही येतं, आमच्या बाई म्हणतात, थांबवणं दाखवा.

सून : बोलत बोलतच करायचं असतं का हे?

सासू : बोललं की श्वास अडकत नाही. उजवीकडून. डावीकडून. बघ, गुडघा वाकला पण वाजला नाही. ऐकलंस? वाजला नाही.

सून : ऐकलं.

सासू : पाऊल पुढे. परत मागे. तुझे हे चिरंजीव... माझे चिरंजीव, बरं, ते लहान असताना मी एवढी चपळ असते तर त्याला धरून चार शहाणपणाच्या गोष्टी शिकवता आल्या असत्या. पळाला तो. आधी माझ्या हातून आणि मग तुझ्या.

सून : त्यांचं नाव कशाला काढताय आता?

सासू : जोर येतो नाव काढलं की. हे बघ, उजवा पाय रेटून. काय सुरेख येतोय वार! धाप लागली का मला?

सून : नाही.

सासू : काय म्हणालीस? मोठ्याने.

सून : नाही लागली.

सासू : पडेल चेहऱ्याने सांगतेस जशी काही मी गेलेच. आता शेवटचं. हा वार अवघड आहे. पूर्ण मागे वळायचं, आणि वळता वळता खांद्याच्या उंचीवरून आडवा...

(तलवार हवेतच थांबते. सुनेच्या कानापासून चार बोटांवर.)

सासू : हलू नकोस.

सून : आई, मी...

सासू : मी तलवार खाली घेतेय. हळू. तू हलू नकोस. आता ती जमिनीवर ठेवतेय. झालं. आता बोल. तू गोलाच्या आत काय करतेयस?

सून : मी... पाणी आणायला उठले होते. तुम्हाला.

सासू : भांडं कुठाय?

सून : आणणार होते.

सासू : स्वयंपाकघर तिकडे आहे. तू इकडे आलीस. माझ्या पाठीमागून, हाक न मारता. बोल! अगं, फुटलं असतं ना डोकं! कान गेला असता! माझ्या हातून! मूर्ख, मूर्ख मुलगी! लिफ्ट चालू असताना दारात मान घालून बघतेस का तू? दुसऱ्या कुणी घातली तर त्याला जन्माची अद्दल घडवशील!

सून : ओरडू नका. काका वर येतील.

सासू : येऊ देत! निरीक्षण करू देत!

सून : बसा आधी. बसा ना. पाणी आणते. खरंच आणते.

सासू : पाणी नको. खरं काय ते सांग.

सून : मला वाटलं, जरासं लागेल.

सासू : काय?

सून : खांद्याला वगैरे. थोडंसं. म्हणजे तुम्ही नापास. मग मला म्हणता आलं असतं, बघा, कशी जाऊ.

सासू : लागून घ्यायला आलीस?

सून : तुम्ही फार चांगलं करत होतात, आई! मी तिथे बसून वाट बघत होते, आता पाय सटकेल, आता धाप लागेल. काहीच होईना. शेवटचा वार आला आणि मला घाम फुटला. आता फोन करावा लागणार. मग कशी उठले मला कळलंच नाही.

सासू : तुला जायचं नाहीये.

सून : जायचंय. खूप जायचंय. गेल्या वर्षीही जायचं होतं. आणि भीती वाटते. इथे काही अडलं तर वर साहेब आहेत, विचारता येतं. तिथे वर कुणीच नाही, मीच. माझी सही चुकली तर माणसं मरतील. आणि मग संध्याकाळी घरी यायचं तर घरी कोण? भांडायचं कुणाशी मी?

सासू : भांडायला शेजारी मिळतात सगळीकडे.

सून : तुमच्यासारखं नाही भांडत कुणी.

सासू : ते खरं आहे.

सून : तुमच्या मुलाने घर सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, बघा, सून असून सासूजवळ राहिली, केवढे उपकार. मी गप्प बसले. चांगलं वाटायचं ऐकून. पण उपकार कसले? माहेरी गेले असते तर सगळ्यांनी माझ्याकडे कीव करून बघितलं असतं. तुम्ही पहिल्याच सकाळी म्हणालात, नवरा गेला म्हणून चहाला साखर कमी घालायचं कारण नाही. मला इथेच राहायचं होतं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

सासू : ठाऊक आहे.

सून : ठाऊक आहे?

सासू : मला काय उपकार वाटत होते? बरी जोडी जमली म्हणून गप्प होते. तू गेलीस तर मला काय आनंद होणार आहे का? हे घर खायला उठेल मला. काकांची निरीक्षणं ऐकत बसावं लागेल दिवसभर. मला तू इथेच हवी आहेस, लख्ख सांगते. पण म्हणून माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तू स्वतःलाच मारणार, आणि मी ती धरून उभी राहणार, हे मला नाही जमायचं. तुझी भीती तुझ्याजवळ ठेव. माझ्या गुडघ्यांवर ठेवू नकोस. त्यांना माझंच वजन झेपत नाही.

सून : आणि तुम्ही पडलात तर?

सासू : पडेन. पडलेली माणसं उठतात, किंवा कुणीतरी उचलतं. खाली काका आहेत, त्यांची ही आहे. वर्गात आमच्या बाई आहेत, दोन दिवस गेले नाही तर घरी येतात विचारायला, आणि त्या आल्या की बोलणीच खावी लागतात. बाथरूममध्ये कठडा बसवून दे जायच्या आधी. तो मी नको म्हणणार नाही.

सून : गेल्या वर्षी नको म्हणाला होतात.

सासू : गेल्या वर्षी तू माझी काळजी म्हणून बसवत होतीस. आता माझी सोय म्हणून बसव. आणि निकाल सांग आधी. अर्ध्यावर ठेवू नकोस तपासणी.

सून : कशालाही धक्का नाही. पाय सटकला नाही. धाप नाही. आणि मी मध्ये आले तरी...

सासू : तरी?

सून : थांबवलीत.

सासू : तलवारीच्या धाकाने पास म्हणवून घेत नाहीये मी. मनापासून बोल.

सून : पास. तुम्ही पास आहात, आई.

सासू : आणि तू नापास. बाईंना सांगितलं ना कुणी पाठीमागून गोलात शिरलं होतं, तर त्या तुला दारात उभं करणार नाहीत. फोन कुठाय तुझा?

सून : आत्ता?

सासू : नाही, शुभ दिवस बघून. लाव.

सून : वाजतोय... तुम्ही असं टक लावून बघू नका ना. हॅलो, सर. हो, मीच. नाही, आवाज ठीक आहे, जरा व्यायाम चालला होता घरात... हो, त्याबद्दलच.

सासू : कुजबुजू नकोस. ताठ बस आणि बोल.

सून : सर, मी येते. हो. नक्की. हो, घरी बोलणं झालं... नाही, कुणाचीच अडचण नाही. घरी वयस्कर... नाही सर. घरी सासूबाई असतात, पण त्यांची अडचण नाही. अडचण मला होती. मिटली... म्हणजे, मिटेल. जी. जी, सर. कळलं. थँक यू.

सासू : काय म्हणाले?

सून : म्हणाले, एवढ्या उशिरा का होईना, कळवलंत. तिकडे वाटच बघतायत म्हणाले. कागद उद्या पाठवतील. राहायची सोय आहे, दोन खोल्या, आणि...

सासू : बरं झालं.

सून : आई? काय झालं? डोळे का पुसताय?

सासू : दिव्याची धूळ गेली असेल. ऊन पण फार येतंय या खिडकीतून. तो पडदा ओढ जरा.

सून : ओढते. आणि कधी निघायचं, तेही सांगितलं त्यांनी. तारीख अशी...

सासू : आज नको सांगूस. उद्या सांग.